खेचूबाईची सुट्टी

तिच्या हातात काहीही दिलं की ती आधी ते ओढून बघायची. नवी पिशवी आणली, की दोन्ही हातांनी तिचे बंद ताणणार. पाहुणा कोट काढून खुंटीला लावायला निघाला, की तो त्याच्या हातून घेता घेता एकेक बटण चिमटीत धरणार, सावकाश खेचणार आणि म्हणणार, "वरून तिसरं दोन दिवसांचा सोबती आहे हो. टाका घालून देऊ?" पाहुणा ओशाळायचा. ही नाही ओशाळायची. बटण सैल असेल तर ज्याने लावलं त्याने लाजावं, सांगणारीने का म्हणून, असा तिचा सरळ व्यवहार.

हे खूळ तिला कारखान्याने लावलं असं सगळे धरून चालत. शहराच्या कडेला, मालगाडीच्या रुळांपलीकडे, खेळण्यांचा कारखाना होता. कापडी अस्वलं, ससे, हत्ती. अख्खा ससा कुणा एकीच्या हातून कधी होत नसे. कापणाऱ्या वेगळ्या, शिवणाऱ्या वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या, आणि जिचं जे काम तेच तिचं नाव. कान लावणारी ती कानवाली. नाकं टाचणारी ती नाकवाली. पोटात कापूस कोंबणारीला पोटभरी म्हणत, आणि ती अंगाने काडीसारखी, त्यामुळे हसायला दुप्पट कारण. ही बसायची सगळ्यात शेवटच्या टेबलाशी, खोक्यांच्या अलीकडे. पुढ्यात टोपली यायची. त्यातला एकेक प्राणी उचलायचा आणि त्याचे कान, डोळे, पाय, शेपूट ओढून बघायचं. हिसका द्यायचा नाही. हिसक्याने चांगली शिवणही जाते आणि मग कळत काहीच नाही. सावकाश ओढायचं, ताण लागला की एक श्वास धरायचा. टिकलं तर खोक्यात. सुटलं तर मान वर न करता ती म्हणायची, "बाद," आणि प्राणी लाल टोपलीत. म्हणून ती खेचूबाई.

ती जागा तिला मिळाली ती सुद्धा ओढूनच. कामाला बाई हवी म्हणून मुकादमाने चार-पाच जणींना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीच्या हातात एकेक अस्वल दिलं. "कसं वाटतं?" बाकीच्यांनी अस्वलाला कुरवाळलं, गोड आहे म्हणाल्या, एकीने तर मुका घेतला. हिने अस्वलाचा डोळा चिमटीत धरला आणि तो उपटून मुकादमापुढे टेबलावर ठेवला. "असं वाटतं," म्हणाली. मुकादम डोळ्याकडे बघत राहिला, डोळा मुकादमाकडे. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर.

नवरा घरांना रंग देणारा. दिवसभर शिडीवर, संध्याकाळी जिभेवर. तो म्हणायचा, "तू मलाही लग्नाआधी खेचून बघितलं असशील."

"बघितलं होतं की. एका बाजूने उसवलेला होतास. म्हटलं, घालू टाका."

तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. कारखान्यानेही तिला निरोप देऊन घरी बसवलं. पण बसणं तिच्या अंगाला मानवलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, रस्त्याकडे उघडणारी गॅलरी, गॅलरीत तीन कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची, एवढ्या राज्यात ती सेनापतीसारखी फिरायची. आणि शाळांना सुट्टी लागली की राज्याला प्रजा मिळायची: मुलाची दोन मुलं.

नात नऊ वर्षांची. तिच्या चपला एका रेषेत, रंगकांड्या रंगाच्या क्रमाने, जेवताना बटाट्याच्या फोडी ताटाच्या कडेने ओळीत. आजीने तिचं नाव ठेवलं होतं मास्तरीण. नातू पाच वर्षांचा. काही मनाविरुद्ध झालं की दोन्ही गालांत हवा भरून डोळे वटारायचा, म्हणून तो फुगा.

सुट्टी खरं तर मुलांपेक्षा तिलाच लागायची. मुलं यायच्या आदल्या दिवशी ती पलंग भिंतीला उभा करायची आणि खोलीभर गाद्या अंथरायची, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर कोलांट्या मारायला मोकळं रान. पावाला जाड मुरंबा, दुपारी उकडलेले बटाटे आणि लोणी, अंघोळीला अर्धा तास आणि त्यात फरशी ओली झाली तर झाली. बागेतल्या घसरगुंडीवर ती आधी स्वतः बसून खाली यायची. "बघू तरी धरते का," असं म्हणायची, पण खाली आल्यावर पुन्हा शिडीकडे वळायची, तेव्हा मागे रांगेत उभी असलेली पोरं ओरडायची, "ओ आजी, एकदाच."

यंदा मुलगा मुलांना सोडायला आला तेव्हा दारात जरा घुटमळला. "आई, ती म्हणत होती, मुलांना जरा... म्हणजे त्यांनी काही केलं तर जरा छान म्हणत जा."

"ती" म्हणजे सून. सून कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होती, तक्रारींच्या खात्यात. सकाळी कानाला यंत्र लावायचं आणि संध्याकाळपर्यंत लोकांचा संताप ऐकायचा. यंत्र गळतं, यंत्र थरथरतं, यंत्राने शर्ट खाल्ला. एवढं ऐकून घरी आल्यावर तिला एकही वाकडा शब्द नको असे. घरात नियमच होता: जे झालं ते छान. चित्र छान, गाणं छान, सांडलेलं दूधही, "असू दे, छान पांढरं दिसतंय." सून मनाने लोण्यासारखी, हे खेचूबाईलाही मान्य होतं.

"म्हणेन की," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिने मुलाच्या झोळीचा पट्टा ओढून बघितला.

पहिला आठवडा मजेत गेला. एरवी पलंगाखाली असणारी जुनी ट्रंक निघाली. तिच्यात कारखान्यातून आणलेले तुकडे होते: करड्या मखमलीचे, पिवळ्या लोकरीचे, गुलाबी साटिनचे, अस्वलाच्या पोटाचे नि सशाच्या पाठीचे. मुलांनी ते अंगावर ओतून घेतले. मास्तरणीने तासाभरात रंगांप्रमाणे ढीग लावले आणि जाहीर केलं, "मला दोन दिवस कुणी काही विचारायचं नाही. मी एक गुपित करतेय."

गुपित गॅलरीत, मोडक्या खुर्चीमागे चालू होतं. डिंकाची बाटली तिकडे गेली, कात्री गेली, फुगा गेला आणि परत हाकलला गेला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मास्तरीण दोन्ही हात पाठीमागे घेऊन स्वयंपाकघरात आली. केसांना पाणी लावून भांग पाडला होता. "आजी, डोळे मीट. हात पुढे कर."

हातात मऊसं काहीतरी आलं. आजीने डोळे उघडले. करड्या मखमलीची मांजर होती. टोकदार कान, गुलाबी साटिनचं नाक, दोऱ्याच्या मिशा, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या.

"तुझ्यासाठी केली," मास्तरीण म्हणाली.

खेचूबाईचा चेहरा फुलला. तोंडात शब्द तयार होता, नक्की होता, ती नंतरही शपथेवर सांगायची. पण तोंडाआधी हात गेले. डाव्या हाताने मांजरीचं डोकं धरलं, उजव्या चिमटीत कान आला, आणि तीस वर्षांच्या सवयीने बोटांनी सावकाश ओढलं. कान सुटून हातात आला. कानाखाली वाळलेल्या डिंकाचा पिवळा ठिपका.

"बाद," ती म्हणाली.

मास्तरणीने मांजरीकडे बघितलं, कानाकडे बघितलं, आणि मग तिचा चेहरा हळूहळू आतून खचल्यासारखा झाला. रडली ती नंतर, गादीत तोंड खुपसून. फुगा तिच्या पायाशी जाऊन बसला आणि आजीकडे गाल फुगवून बघू लागला.

"अगं, चिकटवलं होतंस ना ते. चिकटवलेलं टिकत नाही," आजी म्हणाली. खरं तेच बोलली, पण त्या खऱ्याला त्या खोलीत बसायला जागा नव्हती.

संध्याकाळी मास्तरणीने आईला फोन लावला आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं. मग दार उघडून फोन आजीच्या हातात दिला आणि निघून गेली.

"आई, ती रडत होती," सून म्हणाली.

"रडली खरी."

"तुमच्यासाठी केलं होतं हो तिने."

"माहीत आहे."

"मग एक शब्द छान म्हणायला..." पुढचं सुनेने गिळलं. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेणारी बाई, स्वतःचं बोलायची वेळ आली की तिला शब्द सापडत नसत. "ती म्हणतेय, घरी यायचंय. इथे मुलांचं एक शिबिर सुरू होतंय सोमवारपासून. चित्रं, नाच, पोहणं. जागा आहेत. मी शनिवारी येऊन दोघांना घेऊन जाते. तुम्हालाही दगदग होते."

दगदग हा शब्द खेचूबाईला चावला. अजून निम्मी सुट्टी शिल्लक होती. निम्मी सुट्टी आज गेली तर पुढच्या वर्षी अख्खी जाईल, हे कळायला तिला कुणी ओढून दाखवायची गरज नव्हती.

"ये," ती म्हणाली. "शनिवारी ये. निवांत ये." आणि फोन ठेवला.

सकाळी मास्तरीण पावाच्या कडा ओळीत लावत बसली होती. खात नव्हती.

आजी तिच्यासमोर येऊन बसली. "हे बघ. तू मला करून दिलंस, मी तोडलं. आता मी तुला करून देते, तू तोड. फिट्टंफाट."

मास्तरणीने मान वर केली नाही, पण पावाची एक कड खाल्ली.

खेचूबाईने बाह्या सारल्या. तीस वर्षांत तिने किती प्राणी हाताळले असतील याची गणती नव्हती. कुठे उसवतं, का उसवतं, दोरा आधी जातो की कापड, सगळं तिला झोपेत सांगता आलं असतं. अस्वल करणं म्हणजे काय मोठं? जे तुटतं तसं करायचं नाही, झालं. तिने पिवळी लोकर घेतली, कात्री चालवली, सुईत दोरा ओवला आणि दुपारपर्यंत मान वर केली नाही.

अस्वल तयार झालं. ते टेबलावर ठेवलं तर डावीकडे कलंडलं. उजवीकडे टेकवलं तर पुढे पडलं. एक पाय खिडकीकडे, एक दाराकडे. पोट पाठीला होतं.

फुगा बराच वेळ बघत होता. "आजी, हा आजारी आहे का?"

"थकलाय. लांबून आलाय," आजी म्हणाली. "मास्तरीणबाई, या. सावकाश ओढायचं. हिसका नाही. ताण लागला की एक श्वास धरायचा."

मास्तरीण आली. तिने अस्वलाचं डोकं धरलं आणि सांगितलं तसं, अगदी सावकाश, ओढलं. श्वास धरायची वेळच आली नाही. डोकं आलं, डोक्याबरोबर एक हात आला, आणि उरलेल्या धडातून कापूस जमिनीवर भसकन सांडला.

खेचूबाईला आतून कुठून तरी हसू आलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ती खुर्चीचा हात धरून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फुगा हसू लागला कारण आजी हसत होती. मास्तरीण ओठ दाबून उभी होती. हातात अस्वलाचं मुंडकं.

"म्हण की," आजी म्हणाली.

"काय?"

"जे म्हणायचं ते."

मास्तरणीने मुंडक्याकडे बघितलं. "बाद," ती म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना.

हसून झाल्यावर तिने विचारलं, "आजी, तुला करता येत नाही?"

"नाही गं. मलाही आत्ताच कळलं."

"मग कारखान्यात तू काय करायचीस?"

"ओढायचे."

"नुसतं?"

"नुसतं."

मास्तरणीला हे पटेना. तिने कापूस गोळा करत करत विचारलं, "पण ओढायचंच का? न ओढता ठेवलं तर चांगलं राहतं ना?"

तेव्हा आजीने तिला ती गोष्ट सांगितली. बोलताना ती सुईत दोरा ओवत होती. "तुझा बाप दीड-दोन वर्षांचा होता. तुझ्या आजोबांनी बाजारातून अस्वल आणलं. गुबगुबीत, निळ्या डोळ्यांचं. मी म्हटलं, किती छान. दुसऱ्या दिवशी मी इथेच भांडी घासत होते, आणि मागे एकदम शांत झालं. पोर शांत झालं की बघावं. बघते तर अस्वलाला एकच डोळा, आणि तुझा बाप वांग्यासारखा निळा."

"मग?" फुग्याने विचारलं.

"मग काय, त्याला पायांनी धरून उलटा केला आणि पाठीत असे धपाटे घातले, असे घातले, की डोळा बाहेर. कपाटाखाली गेला गडगडत. आणि तुझा बाप जो रडायला लागला, तो आवाज मला अजून गोड लागतो." तिने दोऱ्याला गाठ मारली आणि ती ओढून बघितली. "कारखान्यात गेले ती त्यानंतर. छान म्हणायला लोक भरपूर असतात. ओढून बघायला एक तरी पाहिजे."

तुटक्या कानाची मांजर मास्तरीण गॅलरीतून घेऊन आली आणि स्वतःच तिचा दुसरा कान ओढला. तोही आला. तिने दोन्ही कान शेजारी शेजारी ठेवले. "हे कसे लावायचे असतात?"

खेचूबाईने तोंड वाकडं केलं. उत्तर तिला माहीत होतं, आणि ते उत्तर रस्त्यापलीकडे राहत होतं.

कानवाली चावीवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. तीस वर्षं दोघी एकाच कारखान्यात, दोन टेबलांच्या अंतरावर, आणि निवृत्त झाल्यापासून रस्त्यात दिसल्या तर मान डोलावण्यापुरती ओळख. कारण उघड होतं. लाल टोपलीत जेवढे प्राणी गेले त्यांतले निम्मे कानांपायी गेले होते. आता ही तिच्या दारात उभी, एका हाताला मास्तरीण, एका हाताला फुगा, आणि पिशवीत मुंडकं नसलेलं अस्वल.

कानवालीने अस्वल बाहेर काढलं. चष्मा लावला. चष्मा काढला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तू?" कानवालीने अस्वल खिडकीपाशी उजेडात नेलं. तिला मिळालेलं सुख ती घाईने संपवणार नव्हती. "तीस वर्षं माझे कान उपटलेस बाई. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढत बसलीस. आणि हे काय आहे? हा पाय आहे की सोंड?"

"पाय."

"नाचता येईना म्हणून अंगण तरी वाकडं म्हण. तेवढं तरी कर."

"अंगण सरळ आहे. मलाच येत नाही," खेचूबाई म्हणाली. "म्हणून आले. पोरीला कान लावायला शिकव."

तीस वर्षांत खेचूबाई मला येत नाही असं म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कानवालीने अस्वल खाली ठेवलं. म्हणाली, "तू बाद म्हणालीस ना, की मी घरी जाऊन नवऱ्याशी भांडायचे."

"ठाऊक आहे. पातेल्यांचा आवाज माझ्या गॅलरीत यायचा."

कानवालीला हसू आलं. ते लपवायला ती डब्यातून बिस्किटं काढायला वळली. "ये गं पोरी. बस इथे उजेडाला. पहिली गोष्ट, कान वरून चिकटवायचा नसतो. कान आतून उगवला पाहिजे. डोकं उलटं करायचं, कान दोन कापडांच्या मध्ये घालायचा, दोरा दुहेरी, आणि उलटी टीप. एक टाका पुढे, अर्धा मागे. मागे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग सुलटं केलं, की बघ, कान जन्मालाच आला."

मास्तरीण जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून बघत होती.

"आणि पाय?" तिने विचारलं.

"पायाबियाचं मला विचारू नकोस. मी आयुष्यात एक पाय लावला नाही."

"मग आपण नुसते कान करू," फुगा म्हणाला.

त्यावर बराच खल झाला, आणि शेवटी ज्याचे कानच मोठे असा प्राणी करायचं ठरलं. गाढव. कान कानवालीच्या देखरेखीखाली मास्तरीण लावणार. पाय आणि पोट आजी करणार आणि जमेपर्यंत करत राहणार. शेपूट फुग्याचं. शेपटाला कुणी हात लावायचा नाही, असं फुग्याने बजावलं.

शुक्रवारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर कारखाना चालू होता. कानवाली सकाळीच यायची, स्वतःची सुया खोचायची उशी घेऊन. घरामागून मालगाडी गेली की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि दोघी म्हाताऱ्या सवयीने टाचण्यांचा डबा धरायच्या. केलेली प्रत्येक गोष्ट सगळ्यांनी ओढायची, हा नियम. आजीचा पहिला पाय बाद. दुसरा बाद. तिसरा पाय ओढताना फुग्याने इतका मोठा श्वास धरला की त्याचा चेहरा लाल झाला, आणि पाय टिकला. मास्तरणीचा पहिला कान मुळाशी किंचित उघडला. कुणी काही बोलायच्या आत तिने स्वतःच तो कपडे वाळत घालायच्या टोपलीत टाकला, ती आता लाल टोपली झाली होती. "गाठ नीट बसली नव्हती," म्हणाली, आणि नवा दोरा घेतला.

"हिला कामावर ठेवली असती मी," कानवाली पुटपुटली.

"तुला कुणी विचारलं असतं?" खेचूबाई म्हणाली, पण नातीकडे बघत राहिली.

घरी जायचं की नाही हा विषय कुणी काढला नाही. शुक्रवारी संध्याकाळी मास्तरणीने आपले कपडे घड्या घालून बॅगेत ठेवले, कारण आई येणार हे ठरलेलं होतं आणि ठरलेलं ती मोडत नसे. बॅग दाराशी नेऊन भिंतीला समांतर उभी केली. आजीने बघितलं. थांब म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. थांबायला सांगून थांबलेलं पोर म्हणजे डिंकाने चिकटवलेला कान.

शनिवारी दुपारी सून आली. जिना चढून दमलेली, केस विस्कटलेले, एका हातात मुलांसाठी खाऊ आणि दुसऱ्या हातात घड्याळाकडे बघण्याची सवय. "चार वाजताची गाडी आहे. निघायला हवं लगेच." मग तिला टेबलावर गाढव दिसलं. चार पायांवर उभं, जरासं पुढे झुकलेलं, आणि कान एवढे की त्यांच्या वजनाने ते झुकलंय असं वाटावं.

सुनेचा चेहरा खुलला. "अगंबाई. किती छान केलंय हे."

"छान नको म्हणू, आई," मास्तरीण म्हणाली. "ओढ."

"काय?"

"कान ओढ. सावकाश. हिसका द्यायचा नाही."

सुनेने सासूकडे बघितलं. खेचूबाई खिडकीपाशी, कानवालीच्या शेजारी, हाताची घडी घालून उभी होती. बोटं काखेत घट्ट दाबून ठेवली होती, न जाणो पुढे गेली तर. "मी काही शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "ती म्हणतेय तसं कर."

सुनेने गाढवाचा कान दोन बोटांत धरला, जणू तो गरम होता, आणि जेमतेम हलवला.

"हे ओढणं नाही," मास्तरीण म्हणाली. "नीट ओढ. तुटला तर तुटू दे."

सुनेने ओढला. ताण लागला. खोलीतल्या चारही जणींनी आणि फुग्याने श्वास धरला. कान टिकला. दुसरा टिकला. पाय ओढले, एक जरा कुरकुरला, पण राहिला. सून आता हसत होती. तिच्या हातांना मजा वाटू लागली होती.

"आता माझं शेपूट," फुगा म्हणाला.

तिने शेपूट ओढलं, आणि ते अलगद तिच्या हातात आलं.

सुनेचं हसू गेलं. घरी फुग्याचा ठोकळ्यांचा मनोरा पडला तरी अर्धा तास आकांत असायचा, आणि हे तर त्याचं शेपूट. ती चटकन गुडघ्यांवर बसली. "असू दे राजा. काही होत नाही. बिनशेपटाचं पण किती छान..."

फुग्याने तिच्या हातातून शेपूट घेतलं. गाल फुगवायला सुरुवातही केली, पण मग शेपटाचं मूळ डोळ्यांजवळ नेऊन बघताना ती हवा कुठेतरी निघून गेली.

"बाद," तो म्हणाला. आणि कानवालीकडे वळून, "गाठ बारकी होती ना?"

"बारकीच. आणि टाके वरवरचे," कानवाली म्हणाली.

फुग्याने मान हलवली, सुयांची उशी उचलली आणि भिंतीला टेकून खाली बसला. दोरा तोंडात घालून ओला केला आणि सुईच्या भोकाशी झगडू लागला. भोक इकडे, दोरा तिकडे.

सून गुडघ्यांवरच होती. मुलाकडे बघत राहिली. "हा रडला नाही," ती हळूच म्हणाली.

"त्याला वेळ कुठाय," खेचूबाई म्हणाली.

"आई, आपल्याला थांबावं लागेल," मास्तरणीने सांगितलं. तिच्या आवाजात हट्ट नव्हता. स्टेशनवर गाडी उशिरा आहे हे सांगावं तसा आवाज. "बाद माल बाहेर जात नाही. आणि शेपूट झालं की मला आजीची मांजर करायचीय. नवीन. शिवलेली."

"किती वेळ लागेल?"

"ते शिवणाऱ्याला विचार."

शिवणाऱ्याने मान वर केली नाही. दोरा पुन्हा ओला केला. सुनेचा हात आपोआप सुईकडे गेला. फुग्याने पाठ फिरवली. "मी करतोय."

सून उठली. घड्याळाकडे बघितलं, दाराशी समांतर उभ्या असलेल्या बॅगेकडे बघितलं. मग तिने कोट काढला आणि सासूपुढे धरला. "मी उद्या जाईन, एकटी. शिबिराला 'नाही' म्हणून कळवते. सुट्टी संपेपर्यंत राहू देत इथेच." आणि जरा थांबून, "राहतील ना?"

"मला काय विचारतेस. ओढून बघितलंस ना आत्ता," खेचूबाई म्हणाली. कोट घेताना तिच्या बोटांनी वरून खालपर्यंत सगळी बटणं तपासली होती, आणि सगळी घट्ट होती, त्याचं तिला मनातून जरा वाईटच वाटलं. "बटाटे वाढवते. पाच जण आहोत."

ती स्वयंपाकघराकडे निघाली. वाटेत फुगा होता, आणि सुईच्या भोकाच्या अगदी काठावर दोरा. तिचे पाय थांबले.

"आजी, बघू नकोस," फुगा म्हणाला.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.